मूल्यमापन, सामाजिक कार्यक्रमांचे

समाजातील एखाद्या गटाची वा सर्व जनतेची स्थिती सुधारण्यासाठी शासन किंवा अन्य संस्था जे कार्यक्रम हाती घेतात, त्यांची कार्यवाही कशी झाली, त्यांचे परिणाम काय झाले आणि ते परिणाम कितपत इष्ट होते, यांची पुराव्याच्या आधारे केलेली पद्धतशीर चिकित्सा म्हणजे सामाजिक कार्यक्रमांचे मूल्यमापन होय. रोजगार, शिक्षण, पोषण, आरोग्य, गृहनिर्माण, जमीनसुधारणा, स्त्रिया व मागासवर्ग यांचे कल्याण इ. क्षेत्रांतील कार्यक्रमांचा यात समावेश होतो. लेखापरीक्षण, संनियंत्रण व मूल्यमापन यांत भेद केला जातो. मंजूर रक्कम नियमांनुसार खर्च झाली की नाही, हे लेखापरीक्षणात पाहिले जाते. काम ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालले आहे की नाही, हे संनियंत्रणात पाहिले जाते. तर त्या खर्चातून व कामातून लोकांच्या जीवनात कोणता फरक पडला, हा मूल्यमापनाचा मुख्य प्रश्न असतो.

मूल्यमापन या संज्ञेत ‘मूल्य’ आणि ‘मापन’ असे दोन घटक आहेत. मापन ही बव्हंशी तंत्राची बाब असून संख्याशास्त्राच्या साहाय्याने तिच्यात बरीच अचूकता आणता येते. मूल्याचे तसे नाही. एकच कार्यक्रम जमीनधारक, भूमिहीन मजूर, स्त्रिया, स्थानिक अधिकारी व करदाते नागरिक यांना निरनिराळा दिसतो; कारण त्यांच्या त्यापासूनच्या अपेक्षा वेगळ्या असतात आणि त्याची झळ वा लाभही त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात पोचतो. त्यामुळे ‘कार्यक्रम यशस्वी झाला काय?’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणाच्या दृष्टीने व कोणत्या कसोटीवर?’ असा दुसरा प्रश्न दडलेला असतो. या दुसऱ्या प्रश्नाची उघड वाच्यता न करता दिलेला निर्णय बहुधा प्रबळ गटाच्या कसोटीवर दिलेला निर्णय ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सामाजिक पाहण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आढळत असली, तरी कार्यक्रमांचे मूल्यमापन ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विकसित झाली. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण अधिनियमाने प्रकल्पाचे लाभ त्याच्या खर्चापेक्षा अधिक असले पाहिजेत, मग ते लाभ कोणाच्याही पदरात पडोत, असे तत्त्व स्वीकारले. परिव्यय-लाभ विश्लेषणाचा पाया या तत्त्वाने घातला. परंतु लाभ कोणाला मिळतो हा प्रश्न त्याने हिशेबाबाहेर ठेवला. १९६० नंतरच्या दशकात दारिद्र्यनिर्मूलनाचे मोठे कार्यक्रम सुरू झाल्यावर त्या देशात मूल्यमापनाला विशेष चालना मिळाली. मायकेल स्क्रीव्हेन याने १९६७ मध्ये कार्यक्रम चालू असताना सुधारणेसाठी केलेले घडणात्मक मूल्यमापन आणि अखेरीस निवाड्यासाठी केलेले समापनात्मक मूल्यमापन असा भेद मांडला. डोनल्ड कँबेल (१९१६–९६) या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सामाजिक सुधारणांकडे प्रयोग म्हणून पाहावे व त्यांची कसोटी प्रयोगाच्याच शिस्तीने घ्यावी, असा विचार पुढे आणला. कॅरल वाइस हिने मूल्यमापन हे राजकीय वातावरणात घडते व त्याचा वापरही राजकीय असतो, याकडे लक्ष वेधले.

भारतात मूल्यमापनाची व्यवस्था नियोजनाबरोबरच सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला व त्याच महिन्यात नियोजन आयोगाच्या कक्षेत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन करण्यात आली. अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे हे तिचे आरंभीचे संचालक होते. विकासाचा कार्यक्रम आणि त्याची तपासणी करणारी वेगळी यंत्रणा एकाच वेळी उभी राहावी, ही त्या काळी अनेक देशांत न आढळणारी गोष्ट होती. समूह विकासाचे लाभ समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोचतात, हा प्रश्न लवकरच पुढे आला. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागातील खेड्यांच्या अभ्यासावर आधारलेल्या व १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेतीविस्ताराचे लाभ मुख्यत्वे सधन व वजनदार शेतकऱ्यांनाच मिळाल्याचे दाखवून दिले. बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या आपल्या अहवालात कार्यक्रमाला लोकांचा स्वयंप्रेरित सहभाग लाभला नाही, असा निष्कर्ष काढून लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. पंचायत राज्याची उभारणी काही अंशी या मूल्यमापनाचे फलित होय.

महाराष्ट्रात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या क्षेत्रात पायाभूत कार्य केले. धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. वि. म. दांडेकर (१९२०–९५) व गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली (१९५७). कायदा होऊनही जमीन परत घेण्याचे व कुळे बदलण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर चालू राहिल्याचे तीत आढळले. कायद्याच्या पुस्तकातील कूळ व प्रत्यक्ष जमीन कसणारे कूळ यांच्या स्थितीतील अंतर या पाहणीने उघड केले.

नियोजन आयोग बरखास्त होऊन १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग अस्तित्वात आला. त्यानंतर कार्यक्रम मूल्यमापन संघटनेचे विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात विलीनीकरण करण्यात आले (२०१५).

पद्धती : मूल्यमापनात सामान्यतः पुढील साखळी तपासली जाते : कार्यक्रमासाठी पुरविलेली साधने, त्यांद्वारे झालेली कामे, त्या कामांची तात्कालिक निष्पत्ती आणि लोकांच्या जीवनावरील दूरगामी परिणाम. पहिल्या दोन कड्यांची माहिती कार्यालयीन नोंदींत मिळते; शेवटच्या कडीसाठी मात्र लोकांपर्यंत जावे लागते. कार्यक्रम झाला नसता, तर स्थिती काय राहिली असती, याचा अंदाज केल्याशिवाय परिणाम सांगता येत नाही. यासाठी कार्यक्रमाच्या पूर्वीची व नंतरची स्थिती, तसेच लाभार्थी व तत्सम बिगरलाभार्थी गट यांची तुलना करतात. यदृच्छ निवडीने एका गटाला लाभ देऊन दुसरा नियंत्रित गट म्हणून ठेवणे, ही यांतील सर्वांत काटेकोर रीत होय. मेक्सिकोमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘प्रोग्रेसा’ या कार्यक्रमात ५०६ वस्त्यांपैकी ३२० वस्त्यांना आरंभी व उरलेल्या १८६ वस्त्यांना नंतर सामावून घेऊन परिणामांची तुलना करण्यात आली. मुले शाळेत जाणे व आरोग्य केंद्रात तपासणी होणे या अटींवर मातांना रोख साहाय्य देण्याची ही योजना होती. शालेय उपस्थितीवरील तिचा अनुकूल परिणाम या तुलनेने सिद्ध झाला. विकासाच्या क्षेत्रातील प्रायोगिक पद्धतीबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्यूफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रायोगिक पद्धतीने ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर बरेच विश्वसनीय मिळते. पण ‘का’ व ‘कोणाला कसे वाटले’ हे प्रश्न शिल्लक राहतात. ‘प्रोग्रेसा’च्याच बाबतीत खेड्यांत राहून केलेल्या अभ्यासांतून एक वेगळी गोष्ट पुढे आली. एकाच वस्तीतील काही कुटुंबे निवडली गेली व काही वगळली गेली. ज्यांना आपण सारखेच गरीब आहोत असे वाटत होते, त्यांना या निवडीचे कारण उमजले नाही आणि शेजाऱ्यांत तेढ निर्माण झाली. शालेय उपस्थितीच्या आकड्यांत ही तेढ दिसणे शक्य नव्हते. म्हणून संख्यात्मक पाहणीला मुलाखती, गटचर्चा, सहभागी निरीक्षण इ. गुणात्मक पद्धतींची जोड देणे आवश्यक मानले जाते.

निकष कोणी ठरवायचे, याचा वाद अमेरिकेतील ‘हेड स्टार्ट’ या कार्यक्रमासंबंधी विशेष गाजला. गरीब कुटुंबांतील बालकांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे वेस्टिंगहाउस कंपनी व ओहायओ विद्यापीठ यांनी केलेले मूल्यमापन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. बालकांच्या बौद्धिक प्रगतीतील वाढ प्राथमिक शाळेत गेल्यावर फारशी टिकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कँबेल व त्याचा सहकारी यांनी तुलनेसाठी घेतलेली बालके मुळातच अधिक बऱ्या स्थितीतील होती, असा तांत्रिक आक्षेप घेतला. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. या केंद्रांत मुलांना आहार व वैद्यकीय तपासणी मिळत होती, पालकांना कारभारात स्थान मिळत होते आणि मिसिसिपीसारख्या राज्यात कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना गोऱ्या मालकांच्या मर्जीवर अवलंबून नसलेल्या नोकऱ्या मिळत होत्या. पालकांची कार्यक्रमाला स्पष्ट पसंती असल्याचे त्याच अहवालात नमूद होते. बुद्धिमापन चाचणीच्या एका मापात यांपैकी काहीच सामावत नव्हते.

रोजगार हमी योजनेचे उदाहरण : भिन्न गटांच्या दृष्टिकोनांमुळे एकाच कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण म्हणून महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा उल्लेख करता येईल. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेली ही योजना १९७२ मध्ये सुरू झाली. लगेचच आलेल्या दुष्काळात तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सु. ५० लाख मजूर होते. त्यानंतर योजनेला कायद्याचे अधिष्ठान देण्यात आले. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील अंगमेहनतीचे काम करू इच्छिणाऱ्या प्रौढ व्यक्तीने मागणी केल्यावर १५ दिवसांत तिला काम देण्याची आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. खर्चासाठी व्यवसाय कर (१९७५) व अन्य करांद्वारे मुख्यतः नागरी भागातून निधी उभा करण्यात आला व तेवढीच रक्कम राज्य शासनाने घालावयाची असे ठरले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, वनीकरण व मृदसंधारण ही तिच्यातील प्रमुख कामे होत.

या योजनेचे अनेक अभ्यास झाले. नियोजन आयोगाची मूल्यमापन संघटना व महाराष्ट्र शासन यांचा संयुक्त अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांनी कामावरील मजुरांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. कामावर येणाऱ्यांपैकी फार मोठा भाग दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतला असून त्यांत स्त्रियांचा सहभाग लक्षणीय असल्याचे त्यांना आढळले. श्रमाचे काम व बेताची मजुरी यांमुळे खरे गरजूच कामावर येतात, सधनांना वगळण्यासाठी वेगळी यादी करावी लागत नाही, हा योजनेचा गुण अनेक अभ्यासकांनी मान्य केला.

रॉनल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्‌स यांनी १९८३ मध्ये दुसरी बाजू मांडली. पाझर तलावामुळे ज्यांच्या विहिरींना पाणी वाढते, ते मुख्यतः जमीनधारक असतात. रस्त्याचा लाभ ज्याच्याजवळ बाजारात नेण्याइतका माल आहे, त्याला अधिक होतो. काम संपले की मजुराची मजुरी संपते, मत्ता मात्र जमिनीबरोबर राहते. शिवाय सुगीबाहेरच्या काळात गावातच काम मिळाल्याने मजूर गाव सोडत नाहीत व हंगामात शेतीला मजूर उपलब्ध राहतात. म्हणजे निर्माण झालेल्या मत्तेचा निकष लावला, तर योजना भूधारकांच्या अधिक उपयोगाची ठरते आणि मजुरीच्या दिवसांचा निकष लावला, तर ती भूमिहीनांच्या उपयोगाची ठरते. ‘योजनेतून टिकाऊ कामे झाली नाहीत’ आणि ‘योजनेने कुटुंबे जगविली’ ही दोन विधाने एकमेकांना खोडून काढीत नाहीत. ती दोन गटांच्या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत.

स्त्रियांच्या दृष्टीने तिसराच निकष महत्त्वाचा होता. खाजगी शेतीवर स्त्रीची मजुरी पुरुषापेक्षा कमी असे. योजनेत कामाचा दर स्त्रीपुरुषांना समान होता. काम गावाजवळ होते, नेमणुकीसाठी कोणाची शिफारस लागत नव्हती व लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या नावावर मजुरी मिळण्याचा हा मोजक्या मार्गांपैकी एक होता. तथापि टोळीने केलेल्या कामाचे माप घेऊन मजुरी वाटली जाई, तेव्हा स्त्रीच्या वाट्याची रक्कम कुटुंबातील पुरुषाच्या हाती पडण्याचा संभव राही. कामावरील स्त्रियांची संख्या या निर्देशकात पहिली बाब दिसते, दुसरी दिसत नाही.

१९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झाल्यावर योजनेची मजुरीही वाढली. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढीव मजुरीनंतर मागणी करणाऱ्या सर्वांना काम न मिळता त्याचे नियंत्रित वाटप होऊ लागले व हमीचे स्वरूप दुर्बळ झाले, असा निष्कर्ष काढला. ज्याला काम मिळाले त्याच्या दृष्टीने मजुरीवाढ ही निर्विवाद सुधारणा होती. ज्याला काम नाकारले गेले त्याच्या दृष्टीने ती हानी होती. कामावर हजर असलेल्या मजुरांच्याच मुलाखती घेतल्यास पहिले मत ऐकू येते. दुसरे मत ऐकण्यासाठी कामावर नसलेल्यांच्या घरी जावे लागते. १९९० मध्ये योजनेशी फळबाग लागवडीची जोड देण्यात आली. तिच्यामुळे कोरडवाहू जमिनीचा छोटा तुकडा असलेल्या शेतकऱ्याला कायम उत्पन्नाची मत्ता मिळाली, पण भूमिहीनाला त्या मत्तेत वाटा नव्हता.

पाहणीतील वगळणूक : मूल्यमापनात काही गटांचे मत येत नाही, त्याचे कारण नेहमी हेतुपुरस्सर दुर्लक्ष हेच असते असे नाही, बरेचदा ते पाहणीच्या रचनेतच असते. रॉबर्ट चेंबर्स याने १९८३ मध्ये ग्रामीण दारिद्र्य बाहेरच्या माणसाला का दिसत नाही, याची मीमांसा केली. पाहणी करणारे डांबरी रस्त्यालगतच्या गावांत जातात, पावसाळा टाळून कोरड्या ऋतूत जातात, जेथे प्रकल्प चालू आहे तेथेच थांबतात आणि पुरुष, पुढारी व सेवांचा लाभ घेणारे यांच्याशीच बोलतात. गरिबीची तीव्रता मात्र रस्त्यापासून दूर, पावसाळ्यात व सेवा न मिळालेल्यांमध्ये अधिक असते.

महाराष्ट्रातील परिस्थितीत याची अनेक उदाहरणे सापडतात. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जातात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. हिवाळ्यात गावी केलेल्या पाहणीत त्यांची घरे बंद असतात, तर कारखान्याच्या परिसरात ते कोणत्याही गावाच्या यादीत नसतात. शाळा, अंगणवाडी व शिधावाटप यांच्या पाहण्यांत ही कुटुंबे दोन्हीकडून निसटतात. भटक्या व विमुक्त जमातींची स्थिती याहून बिकट आहे. कायम पत्ता नसणे हेच त्यांच्या गरजेचे एक लक्षण आणि तेच त्यांच्या वगळणुकीचे कारण असते. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया स्त्रीला प्रमाण मराठीतील प्रश्नावली वाचून दाखविल्यास उत्तर बहुधा दुभाष्याचे मिळते. स्वतःच्या शेतावर दिवसभर राबणारी स्त्री ‘तुम्ही काम करता काय?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर देते. काम या शब्दाचा पाहणीकाराचा अर्थ व तिचा अर्थ वेगळा असतो. अशा त्रुटी दूर करण्यासाठी केंद्रीय सांख्यिकी संघटनेने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळवापराची पाहणी केली. दिवसाचे तास कशात गेले हे तीत विचारल्याने स्त्रियांच्या बिनमोबदला श्रमाची नोंद होऊ शकली.

सरासरी हेही वगळणुकीचे एक साधन ठरू शकते. जिल्ह्याची सरासरी सुधारली, तरी एखाद्या पाड्याची वा जातिसमूहाची स्थिती खालावलेली असू शकते. लिंग, जात, जमात, धारणक्षेत्र, वस्तीचे अंतर इत्यादींनुसार आकडेवारी वेगळी करून मांडल्यास हे लक्षात येते. भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात दर हजार पुरुषांमागील स्त्रियांचे प्रमाण १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० पर्यंत घसरल्याकडे लक्ष वेधले. हे आकडे जनगणनेत प्रथमपासून उपलब्ध होते. विकासाची कसोटी म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले नव्हते.

गटागणिक गरजा किती वेगळ्या असतात, हे पंचायतींतील स्त्री-आरक्षणाच्या अभ्यासातून दिसून आले. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदांपैकी एकतृतीयांश पदे आळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव झाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्तेर द्यूफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प. बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतील राखीव व बिगरराखीव पंचायतींची तुलना केली. दोन्हीकडे स्त्रियांची प्रमुख मागणी पिण्याच्या पाण्याची होती आणि राखीव पंचायतींत पाण्यावर अधिक खर्च झाला. रस्त्यांच्या बाबतीत मात्र बीरभूममध्ये स्त्रिया रस्त्यांची मागणी करीत व उदयपूरमध्ये ती मुख्यतः पुरुषांची मागणी होती. त्यानुसार राखीव पंचायतींत पहिल्या जिल्ह्यात रस्त्यांवरील खर्च वाढला व दुसऱ्यात घटला. ‘स्त्रियांचा दृष्टिकोन’ असा सर्वत्र एकच नसतो, हेही यावरून स्पष्ट होते.

भिन्न निकषांचा मेळ : निरनिराळ्या गटांच्या पसंतींची बेरीज करून सर्वमान्य निर्णय काढता येईल, अशी आशा पूर्वी बाळगली जात असे. केनेथ ॲरो (१९२१–२०१७) याने १९५१ मध्ये असे सिद्ध केले, की तीन वा अधिक पर्याय असताना काही अगदी साध्या व रास्त अटी पाळून व्यक्तींच्या पसंतिक्रमांवरून समाजाचा सुसंगत पसंतिक्रम तयार करणारा कोणताही सर्वसाधारण नियम असू शकत नाही. पर्यायाने, मूल्यमापनकर्त्याला निवड टाळता येत नाही. ती उघडपणे करावयाची की झाकून, एवढेच त्याच्या हाती असते. परिव्यय-लाभ विश्लेषणात गरिबाला मिळालेल्या रुपयाला अधिक भारांक देण्याची पद्धत हा उघड निवडीचा एक मार्ग होय. पार्थ दासगुप्ता, स्टीव्हन मार्गलिन व अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी १९७२ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत तो सविस्तर मांडला आहे. भारांक किती असावा हे गणित सांगू शकत नाही. पण तो लिहून ठेवल्यास त्यावर चर्चा होऊ शकते.

दुसरा मार्ग निकष ठरविण्यातच संबंधितांना सहभागी करण्याचा होय. रॉबर्ट स्टेक याने १९७० नंतरच्या दशकात प्रतिसादी मूल्यमापनाची कल्पना मांडली. कार्यक्रमाच्या लेखी उद्दिष्टांऐवजी त्याच्याशी संबंधित लोकांच्या चिंता व प्रश्न यांपासून तपासणीस आरंभ करावा, असे तिचे सूत्र आहे. ईगॉन गूबा व यिव्होना लिंकन यांनी १९८९ मध्ये याच्याही पुढे जाऊन मूल्यमापन ही हितसंबंधी गटांमधील वाटाघाटीची प्रक्रिया मानली. या भूमिकेवर असा आक्षेप घेतला जातो, की वाटाघाटीत सर्वांचे बळ सारखे नसते. ग्रामसभेत सावकार, पोलीस पाटील व भूधारक बसलेले असताना मजूर आपले म्हणणे मोकळेपणाने मांडीलच असे नाही. शिवाय सर्व मते सारखीच ग्राह्य धरल्यास वस्तुस्थितीविषयीचे मतभेद व मूल्यांविषयीचे मतभेद यांची गल्लत होते. मजुरी मिळाली की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो पुराव्यानेच सोडवावा लागतो. मजुरी महत्त्वाची की मत्ता, हा मूल्याचा प्रश्न आहे व तेथे सर्व गटांचे म्हणणे ऐकणे आवश्यक ठरते.

सामाजिक लेखापरीक्षण : लोकसहभाग व पुरावा यांची सांगड घालण्याचा भारतातील महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे सामाजिक लेखापरीक्षण होय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या भरविण्यास आरंभ केला. सार्वजनिक कामांचे हजेरीपट व बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखविली जात. मृत अथवा परगावी असलेल्या व्यक्तींच्या नावावर लावलेली मजुरी, न झालेल्या कामांची बिले इ. गोष्टी ऐकणाऱ्यांच्या तत्काळ ध्यानात येत. कागद कार्यालयाचा व साक्ष गावाची, असे त्याचे स्वरूप होते. या चळवळीतून माहितीच्या अधिकाराच्या मागणीस बळ मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या कलम १७ अन्वये ग्रामसभेकडून कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूद झाली. आंध्र प्रदेशाने २००६ पासून त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारून मजूर कुटुंबांतील प्रशिक्षित तरुणांकडून दारोदार पडताळणी करविली. घरोघरच्या पडताळणीत भरसभेत न बोलणारी माणसेही बोलतात, हा तिचा विशेष होय. उघडकीस आलेल्या रकमांची वसुली व दोषींवरील कारवाई मात्र शासनयंत्रणेवरच अवलंबून राहते. कारवाई न झाल्यास साक्ष देणाऱ्या मजुराला गावात त्याची किंमत मोजावी लागते व पुढील वेळी तो गप्प राहतो.

मर्यादा व दंडक : मूल्यमापन बहुधा कार्यक्रम राबविणाऱ्या किंवा त्यास पैसा पुरविणाऱ्या संस्थेच्या खर्चाने होते, त्यामुळे प्रतिकूल निष्कर्ष दडपले वा सौम्य केले जाण्याचा धोका असतो. अहवाल विलंबाने येतात व तोवर कार्यक्रमाचे स्वरूप बदललेले असते. एखादा निर्देशक कसोटी म्हणून जाहीर झाला, की यंत्रणा मूळ हेतूऐवजी तो निर्देशक गाठण्याच्या मागे लागते, असा इशारा कँबेल यानेच दिला होता. या सर्वांमुळे पुढील दंडक सामान्यतः स्वीकारले जातात : मूल्यमापनयंत्रणा कार्यवाहीपासून स्वतंत्र असावी; निकष कोणी व का ठरविले हे अहवालात नमूद करावे; आकडेवारी गटवार द्यावी; लाभार्थ्यांबरोबरच वगळलेल्यांचीही पाहणी करावी; साक्ष देणाऱ्याची ओळख गुप्त राखावी; आणि निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापुढे त्यांच्या भाषेत मांडून त्यांची दुरुस्ती स्वीकारावी. गटांमध्ये मतभेद उरल्यास ते सरासरीत विरघळवून न टाकता तसेच नोंदविणे इष्ट असते. अंतिम निवड करण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींची व नागरिकांची असते. ती करताना कोणाच्या पदरात काय पडले व कोणाच्या पदरात काहीच पडले नाही, हे त्यांच्यासमोर स्वच्छपणे ठेवणे हे मूल्यमापनाचे कार्य होय.